दादीचा चेहरा

दादीला जाऊन तीन वर्षे झाली. यंदाच्या रमजान ईदनंतर आमच्या धाकट्या मुलीने तिचा चेहरा रंगवायला घेतला, फक्त काळ्या आणि पांढऱ्या रंगात. फोटो घरात एकच, ओळखपत्राचा. समोरून फ्लॅश पडलेला, त्यामुळे कपाळ, नाक, गाल सगळे सपाट. चपातीला डोळे लावावेत तसे चित्र झाले. "अशी नव्हती दादी," म्हणून पोरगी रडकुंडीला आली.

आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी. चित्रकला आमचा विषय नव्हे. पण आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) या कोल्हापूरचेच. घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याची परंपरा. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. त्या काळी तिथे विद्यार्थ्यांना पांढऱ्या प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश काढावा लागे. म्हणजे आधी सावली, मग रंग. फोटोत नेमकी सावलीच नव्हती.

मग आम्ही खालाला, म्हणजे दादीच्या धाकट्या बहिणीला, बोलावून घेतले. नाक दोघींचे एकच. तिला एका खिडकीशी बसवले, दुसरी खिडकी लावली, दिवा बंद केला. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे नाहीसे होतात आणि सावलीचे मोठे तुकडे तेवढे उरतात. पोरीने आधी तेच भरले. डोळ्यांच्या खोबणी, नाकाची एक बाजू, हनुवटीखालचा भाग. पापण्या, सुरकुत्या नंतर.

चुका झाल्याच. बुबुळाभोवती शुद्ध पांढरा लावला तर डोळे बाहेर आले. तिथे करडा भरल्यावर ते आत बसले. पांढऱ्या ओढणीचा उजेड हनुवटीखाली उसळत होता, तो गालाइतकाच उजळ रंगवला तर जबडाच नाहीसा झाला. पोस्टर रंगाची गडद छटा सुकल्यावर फिकी पडते, हेही दोन कागद वाया घालवल्यावर कळले. आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्याचा करडा निळसर होतो. पहिल्या चित्रात दादी कफनातली वाटली, आम्हालाच बघवेना. चिमूटभर तपकिरी मिसळला तेव्हा कुठे गाल जिवंत झाले.

मोठ्या भाईंनी चित्र पाहिले आणि एवढेच म्हणाले, "नमाजच्या खोलीत लावू नका." पोरीचे तोंड उतरले. आम्हालाही वाईट वाटले. पण त्यांचे म्हणणे आम्हाला ठाऊक होते, आणि घरात वाद नको होता.

खाला मात्र चित्रासमोर बराच वेळ बसून राहिली. म्हणाली, "आपा रागावली की अशीच बघायची." मग आपल्या ओढणीत गुंडाळून ते तिने पिशवीत ठेवले, आणि जाताना पोरीला विचारले, "माझं कधी काढतेस?"