सवय बदलते, रोगाची जागा बदलते

तोंडाचा वा घशाचा कर्करोग जडला की ‘नशिबाचे भोग’ म्हणून स्वस्थ बसण्याची आपल्या समाजाची रीत जुनी आहे. ती किती फोल आहे, हे संशोधकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा, तर विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा व घशाचा कर्करोग अधिक आढळतो, असा निष्कर्ष सांघवी, राव व खानोलकर यांनी १९५५ सालीच मांडला. पुढे मुंबईतील कर्करोग नोंदणीच्या धर्मवार पाहणीत पारशी समाजात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. अग्नीला पवित्र मानणाऱ्या या समाजात धूम्रपान निषिद्ध आहे. स्तनाचा कर्करोग मात्र याच समाजात अधिक दिसला. तेव्हा जन्माने कोणालाच अभय नाही. फरक पडतो तो मुख्यतः राहणीने.

काळाबरोबर राहणी पालटली, तसे आकडेही पालटले. मुंबईतील पुरुषांत घशाच्या काही भागांच्या कर्करोगाचे प्रमाण उतरत गेले. तोंडाच्या कर्करोगाचे चढले. विडी मागे पडली, पण गुटखा व मावा पुढे सरसावले. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करीत होते, तर २४.४ टक्के तंबाखू खात वा दातांना लावीत होते. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली खरी. परंतु टपरीवर चुना-तंबाखू लावून घोटलेली सुपारीही तितकीच घातक असते. सुपारी तंबाखूवाचूनही कर्करोगास कारण होते, याचा अनेकांना पत्ताच नसतो.

अहिल्यानगर जिल्ह्याला हा प्रश्न दुहेरी भिडतो. नगर शहरात व संगमनेरात विडी वळण्यावर असंख्य स्त्रियांची चूल पेटली. त्यांना दुसरे काम दिल्याविना तंबाखूविरोधी उपदेश करणे अन्यायाचे होईल. दुसरीकडे मिश्रीला व्यसन न मानता दंतमंजन मानणारी घरे खेड्यापाड्यांत आजही आहेत.

उपाय मात्र हाताशी आहे. प्रशिक्षित सेवकांनी केवळ डोळ्यांनी तोंड तपासल्याने तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे केरळमधील प्रयोगाने २००५ मध्ये सिद्ध केले. गावातील अल्पशिक्षित स्त्री आरोग्याचे काम समर्थपणे करू शकते, हा धडा तर याच जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून घालून दिला. न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, ही लक्षणे ओळखण्यास विजेरी व थोडे प्रशिक्षण पुरते. आशा सेविकांवर हे काम रीतसर सोपवावे, आणि शाळा-कचेऱ्यांनी त्यास साथ द्यावी. मात्र विद्यार्थ्यांना तंबाखूचे दुष्परिणाम शिकवणाऱ्या गुरुजींच्या खिशात पुडी असेल, तर तो पाठ कोण मनावर घेईल?