कळंब: बाजार दोन जिल्ह्यांचा, पण निर्णय होतात दुसरीकडेच

महाराष्ट्रात कळंब नावाची गावं बरीच आहेत. यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब चिंतामणी गणपतीसाठी ओळखलं जातं, तर नालासोपाऱ्याजवळचं कळंब समुद्रकिनाऱ्यासाठी. धाराशिव जिल्ह्यातलं कळंब यापेक्षा वेगळं आहे. मांजरा नदीच्या काठावरचं हे तालुक्याचं गाव आहे. इथे नगरपालिका आहे, मोंढा आहे, कॉलेज आहे आणि आजूबाजूला काळ्या मातीचं पठार.

अशा गावांची बातमी सहसा दुष्काळ पडला किंवा पूर आला तरच होते. पण मराठवाड्यात सध्या गाजणारे बरेच प्रश्न, म्हणजे आरक्षण, सोयाबीनचा भाव, पाणी आणि मतदारसंघ, समजून घ्यायचे असतील तर कळंबसारखं गाव समजून घ्यावं लागतं.

नदीच्या अलीकडे एक जिल्हा, पलीकडे दुसरा

मांजरा बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. कळंबजवळ हीच नदी जिल्ह्याची हद्द होते. अलीकडे धाराशिव जिल्ह्यातला कळंब तालुका, पलीकडे बीड जिल्ह्यातला केज तालुका.

कागदावर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, पण बाजारहाट करणारा माणूस हद्द बघत नाही. जे गाव जवळ, तोच त्याचा बाजार. त्यामुळे नदीपलीकडच्या गावांतली माणसंही कळंबला येतात. माल विकायचा, बी-बियाणं आणि खतं न्यायची, दवाखाना करायचा, मुलांना शाळा-कॉलेजात घालायचं, ही कामं इथे होतात. त्यांचं तहसील मात्र केजला आणि कलेक्टर ऑफिस बीडला.

निजामाचा काळ संपला, कागद उरले

निजामाच्या राजवटीतही कळंब हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. पश्चिमेला बार्शी होती, पण ती ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे बार्शीला जायचं तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावं लागायचं. मालावर निजामाची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. हैदराबाद मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांचे कॅम्प याच हद्दीवर उभे राहिले. भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची सत्ता संपली. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला.

हा इतिहास आज पुन्हा चर्चेत आहे, कारण मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. 2 सप्टेंबर 2025 रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटियरबाबत शासन निर्णय काढला. उर्दू आणि मोडी लिपीतली जुनी दप्तरं त्यासाठी उघडली गेली. ओबीसी संघटनांचा या निर्णयाला विरोध आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत काय लिहिलं होतं, यावर आज एखाद्या घराला दाखला मिळणार की नाही, हे ठरू लागलं आहे.

मोंढा कशावर चालतो?

सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी आणि ऊस ही इथली मुख्य पिकं. त्यात खरिपाचं गणित सोयाबीनवर टिकून आहे. 2024-25 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, 2025-26 साठी 5,328 रुपये. या दोन्ही हंगामांत मराठवाड्यातल्या बाजारांत शेतकऱ्यांना अनेकदा यापेक्षा कमी भाव मिळाला. हमीभावाने विकायचं तर सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी करा, माल वाळवून न्या, नंबर लागेपर्यंत थांबा. ज्याला दसरा-दिवाळीच्या आत उधारी फेडायची आहे, तो थांबू शकत नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला नाही की कापड, किराणा, सोनं, मोटारसायकल अशा सगळ्या दुकानांत शुकशुकाट होतो.

दुसरा आधार उसाचा. 1998 मध्ये साखर कारखान्यांची परवाना पद्धत संपली आणि पुढे तालुक्यात खासगी कारखाना आला. रांजणीचा नॅचरल शुगर हे त्याचं उदाहरण. पण उसाला पाणी लागतं, आणि इथे खरी अडचण पाण्याचीच आहे.

धरण जवळ, तरी पाण्याची खात्री नाही

केज तालुक्यातल्या धनेगावला मांजरा धरण आहे. त्याची एकूण क्षमता सुमारे 224 दशलक्ष घनमीटर. कळंब, केज, आंबाजोगाई आणि लातूर ही शहरं त्यावर अवलंबून आहेत. 2016 मध्ये धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली.

ही बातमी देशभर गेली. पण त्याच धरणावरच्या कळंबला रेल्वेच नाही, त्यामुळे टंचाईत टँकर आणि बोअर हाच पर्याय. उलट सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि पिकं पाण्याखाली गेली. एकाच पिढीने दोन्ही टोकं पाहिली.

आमदारकी गेली, मग?

2008 च्या पुनर्रचनेआधी कळंब हा अनुसूचित जातींसाठी राखीव असा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. इथून आमदार झालेल्या कल्पना नरहिरे 2004 मध्ये उस्मानाबादच्या खासदार झाल्या. 2009 पासून कळंब उस्मानाबाद मतदारसंघात आहे. रस्ता, उपजिल्हा रुग्णालय, एमआयडीसी अशा कोणत्याही मागणीसाठी कळंबला आता जिल्ह्याच्या गावासोबत रांगेत उभं राहावं लागतं.

अमेरिका आणि कॅनडातल्या प्रेअरीच्या गवताळ पठारावरही अशी धान्यबाजाराची गावं आहेत. ती रेल्वेमुळे वसली. पुढे शेतं मोठी झाली, यंत्रं आली, रेल्वेच्या शाखा बंद पडल्या आणि त्यातली कितीतरी गावं रिकामी झाली. कळंबचं तसं झालेलं नाही. इथे शेतं लहान आहेत, माणसं जास्त आहेत आणि बाजार भरलेला आहे. पण बारावीनंतर पोरं लातूर, पुणे, संभाजीनगरला जातात आणि शिकून परत येण्यासारखं काम गावात फारसं नाही.

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16,57,576 होती आणि त्यातले सुमारे 83 टक्के लोक खेड्यांत राहत होते. पुढची मोजणी 2027 मध्ये आहे. कळंबमध्ये किती माणसं राहिली आणि किती गेली, हे सोळा वर्षांनी पहिल्यांदाच कळेल. निधी, वॉर्ड आणि आरक्षणाची गणितं पुढे याच आकड्यांवर मांडली जातील. नदीपलीकडून रोज बाजाराला येणारी माणसं मात्र तेव्हाही बीड जिल्ह्यातच मोजली जातील, आणि त्यांचा भार पेलणाऱ्या कळंबच्या खात्यावर ती दिसणार नाहीत.