पलटणीतल्या आजोबाचा कागद आहे, आमच्या आजोबाचा का नाही?

वनहक्काचा दावा टाकायला गेलं की पहिला सवाल येतो, तीन पिढ्यांचा कागद कुठंय? वाडीतला माणूस गप्प बसतो आणि साहेबाला वाटतं हा कालच जंगलात घुसलाय.

कागद कोणाच्या घरी सापडतो ते आधी बघू. 1914 ची जर्मनची लढाई लागली तेव्हा कोकणातल्या, घाटावरच्या कुणब्या-मराठ्यांच्या, महारांच्या घरातली पोरं पलटणीत गेली. नांगर भावाच्या हातात दिला आणि बोटीत बसली. साताऱ्याकडच्या अपशिंग्याचे 46 जण मेले, गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. त्या पोरांचा आम्हाला राग नाही, पोटासाठीच गेली ती. पण पलटणीने नाव, बापाचं नाव, गाव सगळं लिहून घेतलं. पुढे पेन्शन झाली, जमिनीला सातबारा होताच. आज त्यांचा पणतू आजोबाचा इतिहास कागदावर दाखवतो.

आपल्या पनवेलचंच घ्या. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, ते स्वतः पुण्याला लष्कराच्या हिशेबखात्यात. 1879 ला बंड केलं, 1883 ला एडनच्या कैदेत वारले. त्यांचं घराणं सगळ्यांना माहीत आहे, आणि ते असावंच. पण त्यांच्या बरोबर जे रामोशी, कोळी, भिल्ल लढले त्यांच्या आजोबाचं नाव कोणी विचारलं? दौलतराव नाईकासारखं एखादं नाव राहिलं, बाकीचे सरकारी दप्तरात दरोडेखोर. बंडाच्या आदल्याच वर्षी, 1878 ला, इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला होता. आपल्या बापजाद्यांचं रान सरकारचं झालं आणि राबासाठी फांदी तोडणारा चोर ठरला.

आणि 25 सप्टेंबर 1930. पनवेलच्या शेजारचं चिरनेर, अक्कादेवीचा डोंगर. जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यात नाग्या महादू कातकरी पडला. त्याच्या घराण्याचा इतिहास किती? एक त्याचं नाव, एक बापाचं. महादूचा बाप कोण, कुठल्या माळावर नाचणी लावायचा, कोणाच्या भट्टीवर कोळसा पाडायचा, कोणी लिहिलं नाही. दरसाल तिथे पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. मानवंदनेच्या दिवशी कातकरी हुतात्मा, दुसऱ्या दिवशी कचेरीत तोच कातकरी अतिक्रमणवाला!

आम्ही म्हणतो, आमचा कागदच नाही हेही पुरतं खरं नाही. रायगडात इंग्रजांच्या काळापासून जंगल खात्याने आपल्या माणसांना नाचणी-वरीसाठी दळी जमिनी दिल्या. दळी एकाच्या नावावर, कसणारी घरं अनेक. ते दप्तर खात्याकडे आहे. म्हणजे कागद त्यांच्या कपाटात आणि पुरावा आम्ही आणायचा. हा कुठला न्याय?

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण कचेरीत उलटं सांगतात. 2006 च्या वनहक्क कायद्यात तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची अट बिगर-आदिवासींना आहे. आदिवासीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत होतो एवढं दाखवायचं आहे. 2008 च्या नियमात पुरावा म्हणून सरकारी कागदाबरोबर बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा धरली आहे. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचं सांगणं लिहून घेतलं तर तेही चालतं. आणि वंशावळ चालते, जुन्या दप्तरात नाव असलेल्या माणसापासून आपल्यापर्यंत. एकापेक्षा जास्त पुरावे लावायचे, एकावर भागत नाही.

म्हणून वाडीवाडीतल्या दादा-ताईंनो, या महिन्यात एक काम. दळीत कोणाचं नाव होतं ते आजीला विचारा. त्याचे मुलगे किती, मुली कुठे दिल्या, वीटभट्टीवर गेलेलं कोण परत आलं नाही, सगळं वहीत उतरवा. मुलींची नावं गाळू नका, हक्क त्यांचाही आहे. म्हातारी सांगेल आणि शाळेतलं पोर लिहील. अंगठा वनहक्क समितीसमोर घ्या, दाव्याची पोच हातात आल्याशिवाय उठू नका. दळीच्या यादीची नक्कल मागायचा अर्ज संघटनेकडे तयार आहे, तो ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडायचा.