ख्रिस्तजन्म आणि ‘अवतार’ हा शब्द

मराठीतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘जन्म’ एवढाच आहे. शब्द परका असला, तरी सणाच्या मर्मावर तो नेमके बोट ठेवतो. रोषणाई आणि मेजवान्यांत हे मर्म झाकोळते, ही तक्रार जुनीच होय. साहित्याच्या अभ्यासकाला खरी चिंता वाटावी ती दुसऱ्याच गोष्टीची. ख्रिस्तजन्म म्हणजे आपल्याकडील अवतारच, असे म्हणून तुलना जेथे सुरू व्हावयास हवी, तेथेच ती संपविली जाते.

साम्य नाकारण्याचे कारण नाही. एकीकडे कंस, दुसरीकडे हेरोद. दोघेही सिंहासनाच्या भयाने बालहत्येस प्रवृत्त होतात. एक बालक गोकुळात नेले जाते, दुसरे मिसर देशात. परंतु याच साम्यातून भेद उलगडत जातो. कृष्ण मोठा होऊन कंसाचा वध करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोद आपल्या मरणाने मरतो आणि वाचलेले बालक पुढे स्वतःच क्रूसावर वधिले जाते. भागवतात नवजात कृष्ण मातापित्यांना प्रथम चतुर्भुज रूपात दर्शन देतो, मग सामान्य शिशू होतो. लूकच्या कथनात मेंढपाळांना जी खूण सांगितली जाते, ती मात्र बाळंत्यात गुंडाळलेल्या, गव्हाणीत निजविलेल्या बालकाची. दैवी तेजाचे वलय मेंढपाळांभोवती आहे, बालकाभोवती नाही. त्याचे दुबळेपण हीच खूण होय.

ख्रिस्ती श्रद्धेतील नाताळचा आध्यात्मिक अर्थ येथे आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने ख्रिस्ताच्या ज्या आत्मरिक्ततेचे वर्णन केले आहे, तिचा आरंभ गव्हाणीत होतो आणि परिणती क्रूसावर. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मकथा नाही. पण अनादी शब्द देहधारी झाला, हे तत्त्व त्याच्या आरंभीच येते. हे देहधारण एकदाच घडते. गीतेतल्याप्रमाणे युगायुगांत त्याची पुनरावृत्ती नाही. दुष्टांचे निर्दालन हे त्याचे प्रयोजन नव्हे, तर पतितांशी समरस होणे हे होय. म्हणून नाताळ हा ईश्वराच्या सामर्थ्याचा उत्सव नसून त्याने स्वेच्छेने पत्करलेल्या दैन्याचा उत्सव आहे.

हा अर्थ मराठीत उतरताना काय घडले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यांनी ओवी स्वीकारली, पुराणाचा घाट स्वीकारला, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही स्वीकारला. असुरवधाची अपेक्षा बाळगणाऱ्या पुराणश्रोत्यापुढे त्यांनी वधिला जाणारा नायक उभा केला. हे धाडस लहान नव्हे. मात्र ज्या साष्टीत हे घडले, तेथील देवळे सोळाव्या शतकात राजसत्तेच्या बळावर पाडली गेली होती. रिक्ततेची कथा सत्तेच्या छायेत सांगितली जात होती, हे विस्मरून ‘ख्रिस्तपुराणा’चा गौरव करणे अपुरे ठरेल. गव्हाणीचा निकष प्रथम लागू होतो तो ती कथा सांगणाऱ्यांनाच.

या निकषाला अधिक जवळचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला माउली म्हणून साद घातली आणि १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. पुढे लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. टिळकांच्या ठायी वारकरी परंपरेतील वात्सल्य आणि ख्रिस्ती आत्मरिक्तता ही एकमेकांचे भाषांतर होत नाहीत. ती परस्परांना अर्थ पुरवितात.

तेव्हा ‘अवतार’ हा शब्द टाकून देण्याची गरज नाही. तो उत्तर म्हणून न वापरता प्रश्न म्हणून वापरावा. दोन श्रद्धांना एकच ठरविल्याने सौहार्द वाढते, हा समज भाबडा आहे. ज्याचे वेगळेपण आपण समजून घेतले, त्याचाच आदर खऱ्या अर्थाने करता येतो. आणि तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासाला याहून मोठे प्रयोजन असू शकत नाही.