वाचलंस का रे?

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. आज शनिवार आहे, सपोर्टचा फोन अजून तरी वाजलेला नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

आमच्या होस्टेलमधल्या एका मित्राचं पुस्तक आलं. कथासंग्रह. हा माणूस दिवसभर टेस्टिंग करतो, म्हणजे लोकांच्या कोडमधल्या चुका काढतो आणि रात्री कथा लिहितो, हे आमच्यापैकी निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. मुखपृष्ठाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला आणि मग जे व्हायचं तेच झालं. अभिनंदन, अभिनंदन, पार्टी कधी, आणि लगोलग "माझी कॉपी ठेव रे!" असं म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो. खोटं कशाला बोला...

आता गंमत बघा. आवृत्ती ५०० प्रतींची. त्यातल्या १०० प्रती लेखकानेच विकत घ्यायच्या, असं प्रकाशकाशी ठरलेलं. छापील किंमत २४० रुपये, लेखकाला ४० टक्के सवलत. म्हणजे १४,४०० रुपये याच्या खिशातून गेले, तेही त्याच्या स्वतःच्याच पुस्तकासाठी! ज्या संध्याकाळी बाणेरच्या एका हॉटेलात त्याने मला पुस्तक दिलं, त्या संध्याकाळचं बिल आम्ही यूपीआयवर अगदी रुपयापर्यंत निम्मं-निम्मं वाटून घेतलं. पुस्तक मात्र फुकट. पहिल्या पानावर "सप्रेम भेट" आणि खाली सही.

ही "सप्रेम भेट" म्हणजे आपल्याकडची एक भारी चीज आहे. कुठल्याही रद्दीच्या दुकानात मराठी पुस्तकांचा गठ्ठा चाळा, आत एखादी तरी सप्रेम भेट निघतेच. पानं करकरीत, कोणी उघडून पाहिल्याची खूण नाही. विकत घेतलेलं पुस्तक माणूस निदान पैसे वसूल करायला म्हणून वाचतो. फुकटात आलेलं टीव्हीच्या शेजारी पडून राहतं. माझ्याकडे ते सात महिने राहिलं.

माझं म्हणणं सरळ आहे. ओळखीच्या माणसाचं पुस्तक आलं तर ते विकत घ्यावं. दुकानातून घ्यावं, त्याच्याकडूनच घेतलं तरी पैसे द्यावेत आणि सही मग मागावी. परवडत नसेल तर वाचनालय आहे, त्यात लाज कसली? पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तिथे बहुतेक वेळा एक प्रत विकत घेतली जाते आणि शंभर जण वाचतात, झकास सोय आहे.

पीडीएफचं तसं नाही. "कोणाकडे पुलंची पीडीएफ आहे का?" हा मेसेज आमच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच आणि कोणीतरी पुण्य केल्यासारखा ती टाकतोही. लेखक गेला की पुस्तक सगळ्यांचं, अशी एक समजूत आहे. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. (आधी ५० होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपत आली तेव्हा १९९२ मध्ये वाढवली.) साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून कोणीही छापू शकतो. पुलं गेले २००० मध्ये, म्हणजे २०६० संपेपर्यंत थांबा. हापिसात फुकटची एखादी लायब्ररी वापरायची तरी आपण आधी तिचं लायसन्स बघतो की नाही?

असो. लेखक मंडळीही काही कमी नसतात. पुस्तक द्यायचं आणि मग पिच्छा पुरवायचा. आमच्या मित्राने सात महिन्यांत चार वेळा विचारलं, "वाचलंस का रे?" मला जाम वैताग आला होता. लेखकाने हा प्रश्न कधीही विचारू नये असं माझं ठाम मत झालं होतं, आणि खरं सांगायचं तर हा लेख मूळ त्यावरच लिहायचा होता. चौथ्या वेळी मी ठोकून दिलं, "वाचलं की! भारी लिहिलंयस. शेवट तर जबरी!"

"कुठल्या कथेचा?"

"सगळ्याच..."

"बरं," म्हणाला. त्यानंतर त्याने विचारलं नाही.

गेल्या महिन्यात सांगलीला घरी जाताना मोबाईलची बॅटरी गेली आणि बॅगेत तेच पुस्तक निघालं. सातवी कथा होस्टेलची आहे. रविवारी रात्री मेस बंद असते. एक मुलगा "भूक नाही" म्हणून खोलीतच बसतो, कारण त्याच्या वडिलांची कंपनी बंद पडलीय आणि ते सहा महिने घरी बसून आहेत. रूममेट काही न बोलता त्याच्यासाठी वडापाव आणून टेबलावर ठेवतो. नाव बदललंय, गाव बदललंय. पण तो मुलगा मी आहे. ही गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती.

आधी डोकंच फिरलं. दुसऱ्याच्या घरातलं लिहायचं तर छापण्याआधी त्याला दाखवायला हवं, एवढं साधं कळू नये? हे माझं मत आजही तसंच आहे. पण मिरज येईपर्यंत दुसरंच लक्षात आलं. चार वेळा तो "वाचलंस का" विचारत होता, ते पुस्तक कसं वाटलं म्हणून नव्हतंच. आणि चौथ्या वेळी मी त्याला "भारी" म्हणून मोकळा झालो होतो.

घरी पोचल्यावर चार्जिंगला लावून फोन केला. "सातवी वाचली," म्हटलं.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आधी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं. आणि मी वाचलेलं नव्हतं तेव्हा."

"माहितेय."

वडापाव दोन नव्हते, तीन असायचे, हेही सांगून टाकलं. दुसरी आवृत्ती निघालीच तर दुरुस्त करतो म्हणाला.

पुण्याला परत आल्यावर अप्पा बळवंत चौकात जाऊन दोन प्रती विकत घेतल्या. एक हापिसातल्या एकाला दिली. दुसरी बाबांना द्यावी की नाही, ते अजून ठरत नाहीये.