दोन्ही साधायचं, पण कोणाच्या जिवावर?

व्यवस्थापनशास्त्रात स्वतःच्या प्रगतीची एक ठरावीक गोष्ट सांगितली जाते. संस्थेवर एकाच वेळी उलटसुलट मागण्या येतात, तेव्हा काय करावं? जुने अभ्यासक म्हणे 'हे किंवा ते' यातच अडकले होते. १९६१ मध्ये बर्न्स आणि स्टॉकर यांनी ब्रिटनमधल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या अभ्यासून सांगितलं, की स्थिर परिस्थितीत काटेकोर रचना चालते, बदलत्या परिस्थितीत सैल. १९७४ मध्ये विकहॅम स्किनर यांनी कारखान्याने मोजक्याच उद्दिष्टांवर भर द्यावा, असं बजावलं. पुढे २०११ मध्ये वेंडी स्मिथ आणि मॅरिअॅन लुईस यांनी विरोध मिटवू नका, दोन्ही टोकं सांभाळा, असा 'विरोधाभासा'चा सिद्धांत मांडला आणि शास्त्राचे डोळे उघडले!

ही गोष्ट खरी नाही. लॉरेन्स आणि लॉर्श यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं, की प्लॅस्टिक उद्योगातल्या यशस्वी कंपन्यांत विभागांचं वेगळेपणही जास्त होतं आणि त्यांच्यातला मेळही. 'दोन्ही' हे उत्तर तेव्हाही समोर होतं. प्रश्न आहे तो, हा मेळ घालण्याचा भार कोणावर पडतो, याचा.

कॅलिफोर्नियातला फ्रीमाँट कारखाना बघावा. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत 'नूमी' या नावाने तो पुन्हा सुरू झाला, तोही बहुतांशी जुन्याच कामगारांना घेऊन. उत्पादकता वाढली, दर्जा सुधारला. 'दोन्ही' साधल्याचा हा आवडता दाखला.

पण या कारखान्याचा अभ्यास करणारे पॉल अॅडलर आणि त्यांचे सहकारी केवळ आकडे बघून थांबले नाहीत. १९९३ चं नवं मॉडेल आणताना तेच तेच काम करून कामगारांचे हात-खांदे दुखावले, संघटनेने तक्रार केली आणि सुरक्षा निरीक्षकांनी कारखान्यावर ठपका ठेवला. वेग आणि बदल यांच्यातला ताण नाहीसा झाला नव्हता; तो माणसांच्या सांध्यांत जाऊन बसला होता.

१९९५ च्या मॉडेलच्या वेळी मात्र कामाची आखणी सुरुवातीपासून तपासली गेली, कामगारांना त्यात सामील करून घेतलं गेलं. १९९९ च्या लेखात या अभ्यासकांनी त्यामागची यंत्रणा उलगडली: बदल घडवण्याचीही ठरलेली पद्धत, कामाची विभागणी, प्रशिक्षण आणि परस्पर विश्वास. सिद्धांत पुढे सरकला तो इथे, कारण कोणीतरी जोडणीच्या रांगेपाशी उभं राहून दुखणं कुठे आहे ते पाहिलं. आज 'विरोधाभास' हा शब्द मिरवणाऱ्या कित्येक लेखांत मुलाखती फक्त वरिष्ठांच्याच असतात. तिथे १९६७ च्याही पुढे काही गेलेलं नाही.