वाघ दत्तक घेण्याआधी

आईबाबा भारतातून इथे आले की आपण त्यांना ज्या चार ठिकाणी नेतो, त्यांत योसेमिटी असतेच. मीही नेले. दरीच्या तोंडाशी उभे राहून रुबाबात सांगितले, "बघा बाबा, माणसाचा हात लागला नाही म्हणून निसर्ग असा टिकलाय!" बाबांनी शांतपणे विचारले, "पूर्वी इथे कोण राहायचं रे?" मास्टर्स इथेच केले, वीस वर्षे इथे काढली, पण मला उत्तर देता येईना.

घरी येऊन वाचले. त्या दरीत अहवानीची लोक राहत होते. १८५१ साली मारिपोसा बटालियनने त्यांची गावे आणि साठवलेले धान्य जाळून त्यांना हुसकावले. १८९० साली राष्ट्रीय उद्यान झाले. काही कुटुंबे तरीही तिथे टिकून होती. त्यांची शेवटची वस्ती १९६९ साली पाडण्यात आली. त्यांच्या दरीचे नाव मात्र तिथल्या महागड्या हॉटेलला आहे! ज्या मोकळ्या कुरणांना आपण 'अस्पर्श' म्हणतो, ती हेच लोक ठरावीक काळाने झुडपे जाळून राखत असत. ती प्रथा बंद पाडली, रान दाट झाले, आणि आता वणवे लागल्यावर कॅलिफोर्नियात पुन्हा तीच विद्या त्यांच्याकडून शिकणे चालू आहे.

'आधी माणसे काढा, मग जंगल वाचवा' हा साचा अमेरिकेतून जगभर गेला. भारतातही आला. १९७२ चा वन्यजीव कायदा, १९७३ चा व्याघ्र प्रकल्प आणि त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांतले आपले मेळघाट. वाघ वाचायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. रस्ता, दवाखाना मिळेल म्हणून काही कुटुंबे आपणहून बाहेर पडली, हेही खरे. पण १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला, तेव्हा प्रश्न दहा लाखांहून अधिक कुटुंबांचा होता. याचिका कोणाची? वन्यजीवप्रेमी संस्थेची! गदारोळ झाला आणि पंधरा दिवसांत आदेश स्थगित झाला. आपल्यापैकी कितीजणांना ही बातमी आठवते?

आता गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात या. मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घेणारे. (आमच्या मंडळात बटाटेवडा की साबुदाणावडा, यावरसुद्धा सर्वसहमती होत नाही!) २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मग गंमत सुरू झाली. गावाने बांबू विकायचे ठरवले, तर वनखाते वाहतुकीचा परवाना देईना. १९२७ च्या कायद्यात तेव्हा बांबू 'झाड' होता, म्हणजे खात्याचा. २००६ च्या कायद्यात तो गौण वनउपज, म्हणजे गावाचा. वनस्पतिशास्त्राला विचाराल तर ते गवत! हक्काचा कागद हातात असून दोन वर्षे गेली. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू विकून मिळालेला पैसा ग्रामसभेच्या खात्यात जमा झाला. जंगल उद्याही हवे, म्हणून तोड किती करायची याची काळजी आता गावालाच!

यावर आमचे काही मित्र लगेच म्हणतात, "जगातली ८० टक्के जैवविविधता आदिवासीच राखतात!" मंडळी, हा आकडा वापरू नका. त्याला आधार नाही, असे २०२४ साली 'नेचर'मध्ये संशोधकांनीच दाखवून दिले, आणि त्यांत आदिवासी संशोधकही होते. फुगवलेल्या आकड्याने या लोकांचे भले होत नाही. त्यांना पैसा आणि अधिकार हवा, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत जंगलवासी समाजांसाठी १७० कोटी डॉलर जाहीर झाले. पहिल्या वर्षी वाटलेल्या पैशांतले त्यांच्या स्वतःच्या संस्थांपर्यंत थेट पोहोचले जेमतेम ७ टक्के. उरलेले मधल्या संस्थांमार्फत आणि सरकारांमार्फत गेले. मी कन्सल्टंट आहे. मधल्या माणसाची फी काय असते हे मला विचारा!

हे सगळे लिहायचे कारण म्हणजे आपल्या मंडळापुढे आलेला प्रस्ताव. गणेशोत्सवात जमलेला निधी 'वाघ दत्तक घ्या' योजनेला द्यायचा, बदल्यात वाघाचा फोटो आणि प्रमाणपत्र. वापरणाऱ्याला एकदाही न विचारता बांधलेल्या सिस्टिम्स मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या आहेत, म्हणून हे माहितीपत्रक दोनदा वाचले. त्यात वाघ आहे, हरीण आहे, सूर्यास्त आहे. माणूस एकही नाही.

म्हणून सर्वसाधारण सभेत मी विरोधी मत देणार आहे. त्याआधी समितीने योजनावाल्यांना दोन प्रश्न विचारावेत. तुमच्या क्षेत्रातल्या गावांचे वनहक्काचे दावे निकाली निघाले आहेत का? आणि आमच्या पैशातला एक तरी डॉलर ग्रामसभेच्या खात्यात जमा होणार आहे का? लेखी उत्तर 'हो' असे आले, तर पहिला चेक मी फाडीन.